कणसाला रात्र लागते

त्या हिवाळ्यात गावाने आमच्या मेंढ्यांच्या लेंड्यांवर आरोप ठेवला. वाचणाऱ्याला हसू येईल, आता मलाही येते. पण तेव्हा आमच्या घरात कोणी हसत नव्हते, कारण त्या लेंड्यांवरच आमचे पोट होते.

आम्ही मेंढपाळ. उन्हाळ्यात शेते मोकळी झाली की शेतकरी माझ्या वडिलांना बोलावतात आणि रात्री कळप आपल्या शेतात बसवून घेतात. त्यासाठी वाघूर, म्हणजे दोरीचे जाळे, खुंट्यांना बांधून कुंपण करायचे आणि मेंढ्या आत घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी जाळे थोडे पुढे सरकवायचे. असे करत सगळ्या शेताला खत मिळते आणि त्या बदल्यात आम्हाला धान्य मिळते. वर्षभराची भाकरी त्यातूनच येते. पहिल्यांदा कोणाच्या शेतात बसायचे यावरून शेतकऱ्यांमध्ये रुसवेफुगवे होत. आमच्या कळपाला मान होता असे मी लिहिले तर ती बढाई होणार नाही असे वाटते.

आमचे गाव औरंगाबादजवळच्या वाळूजच्या पुढे आहे. मी शाळेत असताना तिकडे माळावर कंपन्या यायला लागल्या. आधी रस्ते आले, मग तारेची कुंपणे, मग भिंती. गावातल्या सगळ्यांत मोठ्या शेतकऱ्याला सगळे ‘मालक’ म्हणतात. त्यांच्या ज्वारीच्या शेताला लागूनच एका कंपनीची भिंत उभी राहिली. मी औरंगाबादला कॉलेजात गेले त्याच वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, त्या भिंतीच्या आत उंच खांबांवर मोठे दिवे लागले.

दसऱ्याच्या सुट्टीत मी ते पहिल्यांदा पाहिले. सगळ्यांनाच फार कौतुक होते. दिवेलागणीला माणसे मालकांच्या बांधावर येऊन बसत आणि पोरे तिथेच लगोरी खेळत. मालक तर एवढे खूश होते की कंपनीच्या वायरमनला हुरड्याचे आमिष दाखवून त्यांनी एक दिवा मुद्दाम आपल्या शेताकडे वळवून घेतला होता.

“आता डुक्कर येणार नाय की चोर येणार नाय,” ते सगळ्यांना सांगत. “फुकटचा राखणदार हाय. झोपत नाय, पगार मागत नाय.”

वडिलांना मात्र तो दिवा आवडला नव्हता. आमचा मेंढ्यांचा वाडा समोरच्या उतारावर होता आणि उजेड थेट तिथपर्यंत येई. मेंढ्या लवकर बसत नसत, उभ्याच राहत. कुत्रे स्वतःच्याच सावलीवर भुंकून घसा बसवून घेई. सकाळी भिंतीच्या कडेला मेलेल्या किड्यांचा सडा पडलेला असे आणि आमच्या कोंबड्या तिकडेच धावत. वडील वेळ ओळखत ते चांदण्यांवरून. तीन चांदण्यांचे तिकांडे कुठवर आले हे पाहून ते उठायचे की झोपायचे ते ठरवत. त्या बाजूचे आभाळ आता राखेसारखे फिकट दिसे.

“चांदण्या धुवून टाकल्या जणू,” ते म्हणाले. आई म्हणाली, “तुम्हाला काय करायच्यात चांदण्या? घड्याळ घ्या.”

तेव्हा मीही आईच्याच बाजूची होते. उजेड म्हणजे चांगलेच, असेच मला वाटायचे. मी चिमणीच्या उजेडात दहावी केली होती. उजेडाने कोणाचे वाईट होऊ शकते हे कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

कॉलेजच्या वसतिगृहात माझ्या खोलीत आणखी एक मुलगी होती. ती खुलताबादकडच्या एका गावातली, गावाबाहेरच्या वस्तीत राहणारी. मी जितकी घाबरट, तितकी ती बेधडक. विद्यापीठाच्या नामांतरासाठी जे मोर्चे निघत त्यात ती पुढे असे. संध्याकाळी बसलेला घसा घेऊन येई आणि मला म्हणे, “चहा कर गं, क्रांती थकलीय.” मी मोर्चाला कधी गेले नाही. आमच्या गावात मालकांसारखी माणसे नामांतराच्या विरोधात होती, आणि त्यांच्या शेतात आमचा कळप बसायचा. मी हे तिला एकदा चाचरत सांगितले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “कळतं मला. आमच्याबी घरी कोणाच्या तरी रानावरच चूल पेटते.”

डिसेंबरात नामांतरासाठी बंद पुकारला गेला, रस्त्यांवर पोलीस आले आणि कॉलेज बंद झाले. मी गावी गेले. तेव्हा ज्वारी निसवायचे, म्हणजे कणीस बाहेर पडायचे, दिवस होते. सगळीकडची ज्वारी निसवली होती. मालकांची मात्र नाही. भिंतीकडच्या अर्ध्या शेतात हिरवीगार, माणसापेक्षा उंच, रुंद पानांची ज्वारी होती आणि कणसाचा पत्ता नव्हता. ताटे चिरून पाहिली तरी आत पोटरीत, जिथे कणीस आधी भरते तिथे, काही नव्हते.

वडिलांना बोलावणे आले. मीही त्यांच्या मागून गेले. मालक बांधावर उभे होते, सोबत गावातली चार माणसे.

“बघ,” मालक म्हणाले. “बघ तुझ्या लेंडीचा प्रताप. माजवली सगळी ज्वारी. नुसता पाला.”

“मालक, इतकी वर्सं बसवतोय. कधी झालं असं?”

“आधी तुझी मेंढरं माळावर चरायची. औंदा कंपन्यांच्या मागं चरली. काय घाण खाऊन आली अन् माझ्या रानात टाकली, कुणाला ठाऊक?”

“पण तिकडच्या अंगाला तर निसवलीय की,” वडील म्हणाले.

“तिकडं कमी बसवली असशील. इकडं झोप लागली असंल तुला, जाळं हलवायला इसरला असशील!”

माणसे हसली. वडिलांनी मान खाली घातली. जाळे हलवायला विसरला, हे मेंढपाळाला म्हणणे म्हणजे सुताराला रंधा धरता येत नाही म्हणण्यासारखे आहे. खरे तर मलाही वाटले की खत जास्त झाले असेल. फार खताने पीक नुसते पानांना लागते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

दोन दिवसांत ही गोष्ट गावभर झाली. ज्यांनी उन्हाळ्यासाठी आधीच बोलून ठेवले होते ते एकेक करून येऊन ‘औंदा राहू द्या’ म्हणून गेले. एक जण तर म्हणाला, “तुमच्या मेंढरांना आधी जुलाब द्या, मंग बघू.” रात्री जेवताना वडील म्हणाले, “मेंढरं इकून टाकतो. कंपनीत वॉचमन घेत्यात म्हणं.”

“अन् लेकीचं कॉलेज?” आईने विचारले.

“वॉचमनच्या लेकी शिकत नाय का?”

पण त्यांचा घास हातातच राहिला होता. माझे कॉलेज कसेबसे निभले असते. वडील मात्र त्या उजेडाखाली काठी घेऊन भिंतीची राखण करत बसले असते, आणि त्यांच्या कळपाने पीक नासवले हे गावात कायमचे खरे ठरले असते.

कॉलेज सुरू झाले. वनस्पतिशास्त्राचे तास इंग्रजीत असत आणि मला त्यातले अर्धे कळे. त्या आठवड्यात सर सांगत होते की काही झाडांना फुलायला लांब रात्र लागते. झाड दिवस मोजत नाही, अंधार मोजते. रात्र मधेच उजेडाने तोडली तर त्याला वाटते दिवस अजून मोठेच आहेत, मग ते पानेच वाढवत बसते. त्यांनी फळ्यावर अशा झाडांची नावे लिहिली. शेवटचे नाव सॉर्घम होते. हे एखादे परदेशी झाड असेल असे समजून मी ते उतरवून घेतले.

तास संपल्यावर का कोण जाणे, मी टेबलाजवळ गेले. कॉलेजात आल्यापासून मी सरांना एकही प्रश्न विचारला नव्हता.

“सर, सॉर्घम म्हणजे कुठलं झाड?”

सरांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. “अगं, ज्वारी! रोज खातेस की.”

मी धावत खोलीवर गेले. मैत्रिणीला सगळे एका दमात सांगितले आणि शेवटी म्हणाले, “तो दिवाच बंद करायला पाहिजे. हे सगळे दिवेच बंद करायला पाहिजेत!”

ती माझ्यासारखी खूश झाली नाही. पांघरूण बाजूला करून उठून बसली.

“बंद? आमच्या वस्तीत एक खांब यावा म्हणून माझ्या आईनं ग्रामपंचायतीत किती खेटे घातले ठाऊक हाय? गावात सगळीकडं दिवे, अन् आमच्याकडं अंधार. सापावर पाय पडून माणसं मेलीत. उजेडाला वाईट म्हणू नको तू.”

तीच पुढे म्हणाली, “आमचा दिवा खाली पडतो. वर पत्र्याची टोपी हाय त्याला. रस्ता दिसतो, बास. तुमचा दिवा रानात कशाला जातो? रानात कोण चालतंय रात्री?”

मग तिने एक प्रश्न विचारला. “सगळंच रान तसं हाय का? मधी कुठं सावली पडत असंल, तिथली ज्वारी बघितलीस का?”

मी पाहिली नव्हती. कोणीच पाहिली नव्हती.

रविवारी मी गावी गेले आणि थेट शेतात शिरले. भिंतीपासून थोड्या अंतरावर मालकांची विहीर आहे आणि विहिरीजवळ मोटारीची खोली. खोलीला वळसा घालून मी मागे गेले आणि तिथेच थांबले. खोलीच्या मागे बैलगाडीएवढ्या रुंदीचा एक पट्टा होता, आणि त्या पट्ट्यातली ज्वारी निसवलेली होती. कणसे भरत आली होती. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना नुसता पाला. मधेच कोणी दोरी धरून आखावे तशी सरळ कड. माझ्या तोंडून आरोळीच निघाली. जवळच्या चिमण्या उडाल्या. मेंढ्या तर सगळीकडे सारख्याच बसल्या होत्या, खोलीच्या मागेही!

वडिलांना बोलावून आणले. त्यांनी पट्ट्याच्या या कडेचे ताट धरले, मग त्या कडेचे, आणि मालकांच्या घराकडे चालू लागले. मी त्यांना इतके भरभर चालताना फार कमी वेळा पाहिले आहे.

मालक आले, पण मानेनात.

“इथं पाट फुटतो. वल राहती. म्हणून निसवली.”

“काका,” मी म्हणाले. “थोडा वेळ थांबाल का? दिवे लागेपर्यंत?”

“कॉलेजात हेच शिकवत्यात का, माणसाला रानात उभं करायला?” पण ते थांबले. हिवाळ्याचे दिवस, अंधार लवकर पडला. भिंतीपलीकडून एक बारीक गुणगुण आली, दिवे आधी तांबूस पेटले आणि मग पांढरे झाले. शेत उजळले. आणि खोलीची सावली त्या पट्ट्यावर येऊन पडली, कडेला कड लावून. जिथे अंधार तिथे कणीस. जिथे उजेड तिथे पाला.

मालक सावलीत गेले. मग उजेडात आले. परत सावलीत गेले. हात वर करून स्वतःच्या हाताची सावली पानावर पाडून पाहिली.

“आयला,” ते म्हणाले.

मी अडखळत, मराठीत, सरांनी सांगितलेले सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग वडिलांकडे न बघता म्हणाले, “दिवा मीच फिरवायला लावला होता.”

वडील त्या दिवशी टोमण्याचा एक शब्दही बोलले असते तर मालक पुन्हा पाटाच्या पाण्यावर गेले असते, असे मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे कंपनीच्या फाटकावर गेलो. तो दिवा फिरवणारा वायरमन बाहेर आला, सगळे ऐकले आणि मोठमोठ्याने हसला.

“मालक, तुमीच तो बोले थे, इधर घुमाव! अब बोलते उधर घुमाव! और हुरडा बी नइ खिलाया अब तक.”

“हुरडा कुठून खिलाऊं? कणीसच नाय आलं तुझ्या लाइटीनं!” मालक म्हणाले, आणि तेही हसले.

कंपनीचे साहेब मात्र दिवा वळवायला तयार नव्हते. भिंतीच्या बाहेर अंधार ठेवला तर चोऱ्या होतील, असे त्यांचे म्हणणे. मी मागे उभी होते. मैत्रिणीच्या वस्तीतल्या दिव्याची टोपी मला आठवली आणि मी घाबरत म्हणाले, “बंद नको, साहेब. वरून पत्र्याची टोपी घाला. आतला उजेड वाढेल, बाहेर जाणार नाही.” साहेबांना ते पटले की नाही कळले नाही. वायरमन म्हणाला, “करके देखते ना, साब.”

मालकांनी औरंगाबादच्या शहागंजातल्या पत्रेवाल्याकडून टोप्या करून आणल्या. ज्या संध्याकाळी त्या बसवल्या, त्या संध्याकाळी दिवे लागले आणि भिंतीच्या आतले आवार आधीपेक्षा लख्ख दिसू लागले. भिंतीच्या अलीकडे मात्र शेत काळे झाले. मालक बांधावर उभे राहून म्हणाले, “डुक्कर यील आता.” वडील म्हणाले, “मी कुत्रं देतो की.”

पण मालक हट्टी. औंदाचे पीक तर गेलेच होते. पुढच्या वर्षी डोळ्यांनी पाहीन, मगच लेंडी निर्दोष, असे त्यांनी सांगून टाकले. वडिलांनीही हट्ट धरला. उन्हाळ्यात त्यांनी मालकांच्या त्याच अर्ध्या शेतात कळप बसवला, नेहमीपेक्षा दाट, आणि धान्य घेतले नाही. “निसवली तर बोलू,” म्हणाले. गावातल्या बाकी कोणी बोलावले नाही. ते वर्ष आम्ही रेशनच्या गव्हावर आणि आईच्या मजुरीवर काढले. मेंढ्या विकायच्या की नाही याचा निकाल आता त्या एका शेतात होता.

पुढच्या डिसेंबरात वडिलांनी कोणाच्या तरी हाती निरोप पाठवला. निरोपात एकच शब्द होता: निसवली.

मी आणि मैत्रिणीने खोलीत उड्या मारल्या. वॉर्डनबाई ओरडत आल्या. मैत्रीण त्यांना म्हणाली, “बाई, ज्वारीला कणीस आलंय!” त्यांना काय कळले देव जाणे, पण त्याही हसल्या.

आणि मग संक्रांत आली. त्याच दिवशी बातमी आली की विद्यापीठाला नाव मिळाले. जुन्या नावाला जोडून दिले, पण मिळाले. शहरात गुलाल उधळला, निळे झेंडे घेऊन माणसे रस्त्यावर नाचली. कुठे कुठे दगडफेकही झाली. मैत्रीण नाचता नाचता रडत होती. ह्या नावासाठी तिच्या लोकांची घरे जळली होती, माणसे गेली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्याबरोबर रस्त्यावर उतरले. मला घोषणा देता आली नाही, पण मी तिचा हात सोडला नाही.

पुढच्या रविवारी मी तिला हुरडा खायला गावी आणले. मनातून मी घाबरले होते. मालकांच्या शेतात आगटी पेटली होती, भोवती माणसे बसली होती. त्या आगटीजवळ गावाबाहेरच्या वस्तीतले कोणी बसलेले मी तोवर पाहिले नव्हते.

मालकांनी तिच्याकडे पाहिले. “मोर्चेवाली का तू?”

“व्हय काका,” ती म्हणाली. “जिंकलो आम्ही.”

वडील म्हणाले, “मालक, सावलीतली ज्वारी बघा म्हणून हिनंच सांगितलं होतं. टोपीबी हिचीच.”

मालक बराच वेळ विस्तव सारखा करत राहिले. मग एक कणीस काढले, तळहातावर चोळले, फुंकर मारली आणि हात तिच्यासमोर धरला. “खा. गार झाला की मजा जाती.” तिने ओंजळ पुढे केली. वायरमनही आला होता. तो म्हणाला, “पिछले साल का भी बाकी है मेरा,” आणि मग सगळे एकदम बोलू लागले.

त्या रात्री आम्ही उतारावर बसलो तेव्हा आभाळ पुरे परत आले होते असे नाही. शहराच्या बाजूला अजून राखाडी झाक असते आणि ती दर वर्षी वाढते आहे. धुराला आपण प्रदूषण म्हणतो, नाल्यात सोडलेल्या पाण्याला म्हणतो. नको तिथे सांडलेल्या उजेडालाही तोच शब्द लावला पाहिजे, असे मला वाटते. तो किडे मारतो, जनावरांची झोप मोडतो, पिकाला फसवतो, आणि छान दिसतो म्हणून कोणी त्याच्यावर संशय घेत नाही. पण मैत्रिणीचेही मी विसरत नाही. तिच्या वस्तीतला खांब राहिलाच पाहिजे. उजेड माणसाच्या पायाखाली पडावा, एवढेच आमचे मागणे.

ज्वारीची काढणी झाली तसे शेतकरी परत वाड्यावर येऊ लागले. मी तेव्हा घरी होते. एका सकाळी मालक आणि आणखी दोघे वडिलांसमोर बसून भांडत होते.

“पहिला नंबर माझा,” मालक म्हणत होते. “बदनामीबी माझ्याच रानातून झाली, नावबी माझ्याच रानातून झालं.”

“तुम्हाला औंदा एवढी पिकलीय, आता आम्हाला मिळू द्या,” दुसरा म्हणाला.

वडिलांनी सगळ्यांना चहा दिला. पहिला नंबर त्यांनी मालकांना दिला, दुसऱ्याला त्यांच्यानंतरचा. मग ते तिसऱ्याकडे वळले. त्याचे शेत नव्या, दुसऱ्याच एका कंपनीच्या मागे होते.

“तुमच्याकडं मी काल दिवेलागणीला चक्कर मारली,” वडील म्हणाले. “उजेड रानात पडतोय. आधी त्याला टोपी घाला, मंग मेंढरं बसवतो. तवर नाय.”

“अहो, पण मी कुणाला भेटू तिथं? मला कोण वळखतंय?”

वडील काही बोलायच्या आधीच मालक कप खाली ठेवून उठले. “चल माझ्याबरोबर,” ते म्हणाले. “कंपनीवाल्यांशी कसं बोलायचं ते मला ठाऊक हाय.”

दोघे उतारावरून कंपनीच्या दिशेने गेले. वडिलांनी त्यांच्या मागे कुत्र्याला हाक मारली, खांद्यावर जाळे टाकले आणि मालकांच्या शेतात पहिली खुंटी ठोकायला निघाले.